नवा फ्लेक्स, झिजलेली अक्षरं

आत्याचं डायलिसिसचं मशीन आमच्या गावातून हलवणार आहेत, हे मला सिस्टरने सांगितलं. आत्याच्या हातात सुई टोचता टोचता सांगितलं, म्हणजे मला मोठ्याने बोलता येऊ नये.

"ताई, तुम्ही त्या मोर्चेवाल्या ना? मग करा काहीतरी. हे चाललं जळगावला."

"कुणी ठरवलं?"

"मला काय विचारता? मी सुया टोचते."

आमचं गाव तालुक्याचं आहे, धुळे आणि जळगावच्या मधे, हायवेपासून जरा आत. इथल्या सरकारी दवाखान्यात मशीन आलं, खरं तर खाटेगणिक एक, पण सगळे मिळून त्याला मशीनच म्हणतात, तेव्हा पुढाऱ्यांनी फीत कापली, पेढे वाटले. आत्याला फितीशी घेणंदेणं नव्हतं. जन्मभर अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं वजनकाट्यावर टांगली आणि शेवटी स्वतःच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा ती रिक्षाने जायची, चार तास पडून राहायची आणि रिक्षानेच घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायची. मशीनवरून उतरलेल्या माणसाच्या अंगात काही उरत नाही. जळगाव काही लांब नाही म्हणणाऱ्या साहेबांनी एकदा मशीनवरून उतरून लगेच एसटीत चढून दाखवावं. मग बोलू.

मी दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना भेटले. वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. म्हणाला, "पंचायत समितीच्या हॉलमध्ये बैठक आहे. वरून साहेब येणार आहेत, लोकांचं म्हणणं ऐकायला. हॉल भरला तर मला तोंड उघडता येईल. रिकामा राहिला तर ते लिहितील, स्थानिक मागणी नाही. मग माझ्या हातात काही नाही."

"बैठकीची जाहिरात?"

त्याने एक्स-रेच्या खोलीकडे बोट दाखवलं. दाराशेजारी एक कागद चिकटवला होता, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्याच्यावर कुणीतरी पान खाऊन बोट पुसलं होतं.

तर एवढंच करायचं होतं. हॉल भरायचा. एका बाईला जगायला रक्त शुद्ध करून हवंय, आणि ते ठरणार कशावर, तर खुर्च्या किती भरल्या यावर. याचा राग मला तेव्हाही होता, आजही आहे. पण राग बाजूला ठेवून मी कामाला लागले.

मला पत्रकं लिहिता येतात. कॉलेजात असल्यापासून तेच करतेय. एका रंगात, एका पानावर, पहिल्या ओळीत आरोप आणि शेवटच्या ओळीत वेळ आणि ठिकाण. पण पत्रक घरोघर जायला माणसं लागतात, आणि आमच्या संघटनेतली निम्मी माणसं कापूस वेचणीला गेलेली, उरलेली पुण्याला नोकरीला. म्हणून ठरलं, फ्लेक्स लावायचे. बसस्टँड, बाजार समिती, दवाखान्याचा चौक आणि आजूबाजूच्या गावांचे फाटे.

फ्लेक्सच्या बाबतीत आमचा खान्देश मागे नाही. कुणाचाही वाढदिवस असो, चौकात माणूस घरापेक्षा उंच उभा राहतो. गॉगल, सोन्याची साखळी, खाली पन्नास मित्रांची गोल गोल तोंडं. आणि अक्षरं सोन्याची. फुगवलेली, कडेला पांढरी चमक मारलेली, मागे जाळ. लग्नाला तीच अक्षरं, निवडणुकीला तीच, दहाव्याला फक्त जाळ नाही. मला त्यांच्यात आत्याचं मशीन घालायचं नव्हतं.

धुळ्यात माझ्या वर्गातला एक जण डिझाइनचं दुकान चालवतो. देवपुरात, वर जिना चढून. त्याच्याकडे गेले तर म्हणाला, "ये क्रांती. पत्रक नाही ना आणलंस? मागचं वाचताना मला मधे पाणी प्यावं लागलं."

"तुला वाचायला नाही आणलं. छापायला आणलंय."

"किती शब्द?"

मी कागद दिला. त्याने पाहिला आणि पेन घेऊन खाडखाड सगळं खोडलं. शेवटी तीन शब्द ठेवले. मशीन इथेच राहील.

"बाकीचं?"

"बाकीचं तू बैठकीत ओरड. मोटरसायकलवरचा माणूस तीनच शब्द वाचतो. चौथ्याला खड्डा येतो."

मग अक्षर कुठलं घ्यायचं यावर आमची दुपार गेली. त्याने आधी नेहमीची सोन्याची दाखवली, मला चिडवायला. मग बोरूने काढल्यासारखी, जाड-बारीक होत जाणारी. ती मला कीर्तनाच्या पत्रिकेसारखी वाटली. मग त्याने एक ठोकळा अक्षर काढलं. सगळीकडे एकच जाडी, वळणं कमी, शिरोरेघ लोखंडी गजासारखी. नखरा नाही. मी म्हटलं हेच, पण अजून गुळगुळीत वाटतंय, बँकेच्या पाटीसारखं.

"थांब," तो म्हणाला.

त्याच्या मोबाइलमध्ये कापसाच्या बंद पडलेल्या एका जिनिंग गिरणीच्या भिंतीचा फोटो होता. चुना उडालेला, मधे मधे विटा दिसतायत. तो फोटो त्याने अक्षरांवर अंथरला आणि त्या भेगा अक्षरांतून कोरून काढल्या. बघता बघता मशीनच्या म चा कोपरा खरवडला गेला. राहीलच्या ल मधून एक चीर खालपर्यंत गेली. गोणपाटावर मारलेला शिक्का असतो ना, शाई अर्धी लागलेली, तसं ते दिसायला लागलं. त्याच्या धंद्यात याला डिस्ट्रेस्ड म्हणतात. म्हणजे मुद्दाम झिजवलेलं अक्षर.

मला ती अक्षरं एकदम आवडली. खोटं कशाला सांगू. गावातल्या सगळ्या फ्लेक्सवरची अक्षरं नुकती ब्यूटी पार्लरमधून आल्यासारखी असतात. ही अक्षरं दवाखान्यातून आल्यासारखी होती. मार खाल्लेली, पण उभी.

तो नियमही सांगत होता, त्याला शिकवायला आवडतं. "हे मोठंच वापरायचं. लहान केलंस की भेगा अक्षराला खाऊन टाकतात. म्हणून तारीख आणि ठिकाण खाली साध्या, स्वच्छ अक्षरात. रंग दोनच. मळकट पांढऱ्यावर काळा."

"आणि फोटो नको कुणाचा."

"कुणाचाच?"

"कुणाचाच."

"तुझ्या गावात बिनचेहऱ्याचा फ्लेक्स? लोक म्हणतील छापायचा राहिला." आम्ही दोघं हसलो. आमच्या मते आम्ही खान्देशातला सगळ्यात चांगला फ्लेक्स बनवला होता. आणि डिझाइन म्हणून आजही मी तेच म्हणेन.

फ्लेक्स लागले. दुसऱ्या दिवशी आत्याला रिक्षातून नेताना मी मुद्दाम बसस्टँडवरून घेतलं. तिने मान वर करून बघितलं.

"काय झालं गं अक्षरांना? गोवर आला का?"

"आत्या, ते तसंच असतं. डिझाइन आहे."

"असंल बाई." पुढचा चौक आला. मग म्हणाली, "माझं नाव नाही ना टाकलं कुठं?"

"नाही."

"बरं केलं. लोक म्हणतील मेली का काय."

रिक्षावाला एवढा हसला की गाडी गतिरोधकावर आपटली.

त्यानंतर फ्लेक्स जायला लागले. आधी बाजार समितीचा. सकाळी बघते तर बांबूची चौकट उभी आणि आतून पलीकडचं आभाळ दिसतंय. मग फाट्यांवरचे. मग बसस्टँडचा. शेजारचा वाढदिवसाचा गॉगलवाला जागच्या जागी, त्याच्या साखळीलाही कुणी हात लावला नव्हता. माझाच तेवढा गेला होता, सुतळ्या व्यवस्थित सोडून.

मला शंका नव्हतीच. गावात एक खासगी दवाखाना आहे आणि त्याच्या मालकाचं पुढाऱ्यांकडे उठणं-बसणं आहे. सरकारी मशीन गेलं की कोणाचं भलं होतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मी व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपांवर लिहिलं की गरिबांचा आवाज रातोरात कापला जातोय. रागावलेल्या लाल चेहऱ्यांचे इमोजी पडले. "निषेध" असं कित्येकांनी लिहिलं. बैठकीला येतो असं कुणी लिहिलं नाही.

पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने पूर्ण ऐकून घेतलं.

"फ्लेक्स चोरीला गेला?"

"हो."

"बाई, फ्लेक्स चोरीला जात नाही. जुना झाला की जातो."

"नवा होता."

"मी पाहिला ना बसस्टँडवर. कुठला नवा?"

मला वाटलं हा त्यांना सामील आहे. टेबलावर हात आपटून बाहेर पडले.

बैठक तोंडावर आली होती. मी घरोघर फिरायला लागले, मशीनवरच्या पेशंटांच्या घरांपासून. आत्याच्या शेजारच्या खाटेवर एक बाई असते, जवळच्याच गावची. तिचे यजमान, सगळे त्यांना आबा म्हणतात, दर वेळी वॉर्डाच्या दारात बसून बायकोच्या चपला सांभाळतात. त्यांच्याकडे गेले. अंगणात कापसाचा ढीग, आणि ढिगावर माझा फ्लेक्स. शब्द वरच्या बाजूला. इथेच राहील. कडेला दगड ठेवलेले.

मी तिथेच उभी राहिले. आबा घरातून बाहेर आले, खूश झाले.

"ये ना ताई. बस. चहा लेशी का?"

"आबा, हे कुठून आणलं?"

"हाई? फाटावरतून काढी लयनू."

"तुम्ही काढलात? माझा फ्लेक्स तुम्ही काढलात?"

आबा गोंधळले. एकदा माझ्याकडे, एकदा फ्लेक्सकडे बघितलं. "तुना व्हता? पन हाई ते जुना व्हता ना, ताई. अक्षरं बठ्ठा उडेल व्हतात. कोनं तोंड बी नही. आम्हले वाटनं कार्यक्रम व्हई गया."

"कार्यक्रम व्हायचाय आबा! खाली तारीख लिहिलीय!"

"उडेल फ्लेक्सनी तारीख कोन वाचस?"

मग ते मला समजावायला लागले, लहान मुलीला सांगावं तसं. नव्या फ्लेक्सला इथे कुणी हात लावत नाही. तो ज्याने लावला त्याचा. पण उन्हापावसाने अक्षरं उडाली, की तो ज्याला गरज असेल त्याचा. कापसावर टाका, गोठ्याला लावा, न्हाणीघराला आडोसा करा. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. "नवा राहता ते मी हात लावतू का? नवाले हात लावाले लाज वाटस." आणि मग अभिमानाने, "पन माल भारी शे, हा. पानी आत जास नही."

हे मला माहीत होतं. माझ्या स्वतःच्या घरी न्हाणीघराला कुठल्या तरी आमदाराची अर्धी मिशी आहे. धुळ्याच्या त्या मुलालाही माहीत होतं, त्याच्या दुकानाच्या गच्चीवर तेच आहे. आम्ही दोघांनी दुपारभर पडद्यावर अक्षरं झिजवली आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आमच्या रस्त्यावर अक्षर झिजणं म्हणजे काय. शहरात झिजलेलं अक्षर सोसलेलं दिसत असेल. इथे त्याचा अर्थ एकच, झालं, संपलं, आता घेऊन जा.

आभाळ भरून आलं होतं. अवकाळीचं. आबांनी वर बघितलं आणि तरीही ढिगावरचा दगड उचलला. "लई जा ताई. सोडी देस मी. तुना शे ना."

"राहू द्या."

"नही, पन..."

"राहू द्या म्हटलं ना! कापूस भिजेल. तुम्ही फक्त बैठकीला या. तुम्ही या, तुमची मुलं येऊ द्या, गल्ली येऊ द्या. हॉल भरला नाही तर मशीन जाणार आहे, आबा. मावशींचं मशीन."

आबा खाली बसले. आपण काय काढून आणलं ते त्यांना तेव्हा कळलं, माझ्या डोळ्यांसमोर. आतून बाईचा आवाज आला, खाटेवरूनच.

"मी येसू ना. मी बोलसू साहेबसंगे."

"त्या दिन तुनं मशीन शे," आबा म्हणाले.

मी तारीख मोजली. खरंच होतं. आत्याचंही त्याच दिवशी, त्याच वेळी. ज्यांच्यासाठी बैठक होती ते सगळे बैठकीच्या वेळी नळ्या लावून पडलेले असणार होते. हे कुणी मुद्दाम केलं असेल असंही मला आता वाटत नाही. कुणी बघितलंच नसेल. त्याचाच जास्त राग येतो.

उरलेल्या वेळात मी काय नाही केलं. रिक्षावर भोंगा बांधून फिरले, घसा गेला. लोक ऐकायचे आणि म्हणायचे, "ती मशीनवाली बैठक? ती झाली ना? बोर्ड होता जुना." मी म्हणायचे नाही झाली. ते म्हणायचे बरं. त्या बरंमध्ये काहीच नव्हतं. डिझाइनवाल्याला फोन करून सगळं सांगितलं, तो म्हणाला, "मी सोन्याचे छापून देतो, आत्ता देतो, जाळ टाकून देतो." पण त्या दिवशी धुळ्यात लाइट नव्हती, आणि लाइट आली तोवर दुसऱ्या दिवशीची बैठक सुरू व्हायला आली होती.

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज होता. आमच्या संघटनेतले चौघं-पाचजण. एक निवृत्त मास्तर, जे प्रत्येक बैठकीला येतात. मागे दारात आबा, हातात बायकोच्या चपला, कारण वॉर्डात तिला पोचवून ते तसेच धावत आले होते. बाकी खुर्च्या. साहेब आले, त्यांनी हॉलवरून नजर फिरवली आणि खिशातून पेन काढायच्या आधीच मला कळलं.

मी बोलले. पत्रकासारखं बोलले, पहिल्या वाक्यात आरोप. साहेब म्हणाले, "मॅडम, भावना समजतात. पण उपस्थिती बघा."

"उपस्थिती शेजारच्या इमारतीत आहे. चला माझ्याबरोबर. हाताला सुया लावून पडलेत सगळे. तिथे मोजा."

"रुग्णांना त्रास देणं योग्य नाही."

"जळगावला एसटीने पाठवणं योग्य आहे?"

मोठे डॉक्टर फाइलीत बघत होते. त्यांनी तोंड उघडलं नाही. त्यांनी आधीच सांगितलं होतं की उघडता येणार नाही.

तेव्हा आबा मागून बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या सभेत बोलले असतील. "साहेब, लोके येतीन. त्यासले वाटनं व्हई गयी बैठक. अजून एक दिन द्या."

साहेबांना कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. ते म्हणाले, "काका, सूचना लावली होती ना?" आणि पाणी प्यायले.

मी वॉर्डात गेले. आत्या डोळे मिटून पडली होती, मशीन घरघरत होतं. तिने न बघताच विचारलं, "किती आले?"

"थोडे."

"तू ओरडलीस?"

"हो."

"मग गेलं," ती म्हणाली.

सगळी मशीनं एका टेम्पोतून गेली. दवाखान्यातल्या त्या खोलीत आता लसीचे रिकामे खोके आहेत.

जळगावला आम्ही जायला लागलो. जाताना आत्या बोलायची, येताना बोलायची नाही. एकदा बसमध्ये बीपी पडलं आणि ती माझ्या मांडीवर कोसळली. कंडक्टरने हायवेवर गाडी थांबवली. लोकांनी पाणी पुढे केलं आणि मी ते ढकललं, कारण तिला पाणी मोजून द्यायचं असतं. त्यांना वाटलं मी निर्दयी आहे. आबांनी बायकोला जळगावलाच भाचीकडे ठेवलं आहे. कापूस विकायला गावात, चपला सांभाळायला तिकडे.

परवा सकाळी आत्या तयारच झाली नाही. खाटेवर बसून होती, साडीही बदलली नव्हती.

"चल, बस जाईल."

"आज नाही येत."

"नाही येत म्हणजे?"

"आठवड्यातून एकदा जाईन. दोनदा होत नाही माझ्याने."

"एकदा चालत नाही आत्या. डॉक्टरांनी सांगितलंय. तुलाही माहितीय."

"माहितीय. जेवढं चालेल तेवढं चालेल."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "माझ्यावर ओरडू नको. मी काय साहेब आहे? तुझं ओरडणं चुकीच्या खोलीत चाललंय." आणि हसली. तोंड सुजलेलं होतं, हसल्यावर डोळे दिसेनात. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

मी खाली बसले आणि तिच्या पायात चप्पल घालायला लागले. जाईना. अंगठा आत ढकलून बघितला, पट्टा सैल केला. नाही गेली. मग ती पिशवीत टाकली आणि तिला अनवाणीच रिक्षात बसवलं. ती म्हणाली, "बसायला जागा मिळाली तर जाऊ. नाही मिळाली तर परत यायचं. कबूल?"

मी कबूल म्हटलं.

बस आली ती पायरीपर्यंत भरलेली होती. आत्याने माझ्याकडे बघितलं. डाव्या हाताला धरायचं नसतं, तिथे सुया लागतात. मी तिचा उजवा दंड पकडला, तिला पायरीवर चढवलं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडले, "पेशंट आहे, उठा कुणीतरी."

कुणी उठेपर्यंत मी ओरडतच राहिले.